मूर्ती कुणाची? चोरीला गेलेल्या देवांच्या मालकीवादाची पार्श्वभूमी

सोलापूरपासून साधारण 40 किलोमीटरवर, भीमा-सीनेच्या संगमापाशी हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या हरिहरेश्वर मंदिराचा ढिगारा 1999 साली उपसताना एक शिवलिंग वर आलं, त्यावर 359 मुखं कोरलेली आहेत. शेजारच्या संगमेश्वराच्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी लेख आहे. ही दोन्ही जागची हललेली नाहीत. लिंगाचं वजन टनांत आहे आणि लेख देवळाच्या अंगातच आहे. पण जिल्ह्यातल्या जुन्या गावांत वेशीपाशी नाहीतर मारुतीच्या पाराला टेकून वीरगळी (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) आणि हात-नाक तुटलेल्या मूर्ती उघड्यावर उभ्या असतात. चार माणसं आणि एक टेम्पो एवढ्यावर त्या रातोरात जाऊ शकतात. पुढे दूर कुठे सापडल्याच, तर विचारलं जातं, ही तुमचीच कशावरून?

या प्रश्नाचा सगळ्यात गाजलेला खटला लंडनला चालला. 1976 साली तंजावरकडच्या पथूर गावात झोपडीजवळ खणताना एका मजुराला कांस्याचा नटराज सापडला. 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या गुप्तधनाची खबर कलेक्टरला द्यावी लागते. ती दिली गेली नाही, आणि मूर्ती दलालांच्या हातून लंडनला पोचली. 1982 मध्ये कॅनडाच्या बंपर डेव्हलपमेंट कंपनीनं ती विकत घेतली. पोलिसांनी ती जप्त केल्यावर कंपनी कोर्टात गेली, आम्ही पैसे मोजलेत म्हणून.

समोरच्या बाजूला केंद्र सरकार आणि तमिळनाडू सरकार होतं. त्यांच्याबरोबर पथूरचंच पडझड झालेलं विश्वनाथस्वामींचं देऊळ आणि त्यातलं शिवलिंगही दावेदार होतं! देवस्थान इनामाच्या सातबाऱ्यावर देवाचं नाव वाचलेल्या आपल्या माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे देव कायद्यानं व्यक्ती असतो, त्याच्या नावानं मालमत्ता असते. 1925 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनंही, म्हणजे इंग्रजी अमदानीत भारताचं शेवटचं अपील जिथं चाले त्या लंडनच्या न्यायालयानंही, ते मान्य केलं होतं. इंग्रजी कायद्याला मात्र देऊळ वादी होतं ही गोष्ट परकी होती. तरी 1988 मध्ये कोर्टानं देवळाच्या बाजूनं निकाल दिला, 1991 मध्ये अपिलातही तो टिकला, आणि नटराज परत आला. पुराव्यांत मूर्तीला चिकटलेली माती आणि वाळवीच्या खुणाही होत्या. पथूरलाच सापडलेल्या इतर मूर्तींवरच्या मातीशी आणि खुणांशी त्या ताडून पाहिल्या गेल्या. मला या खटल्यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण गावच्या मातीनंच गावासाठी साक्ष दिली.

तमिळनाडूतल्याच श्रीपुरंथनच्या नटराजाला अशी साक्ष एका फोटोनं दिली. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीनं तो 2008 मध्ये 50 लाख अमेरिकी डॉलर देऊन घेतला होता. पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे 1994 साली देवळातच काढलेला त्याचा फोटो होता, तो पुढे आला आणि बनावट कागद उघडे पडले. 2014 मध्ये मूर्ती भारतात आली. ती विकणारा न्यूयॉर्कचा व्यापारी सुभाष कपूर 2011 मध्ये जर्मनीत पकडला गेला होता. 2022 मध्ये कुंभकोणमच्या कोर्टानं त्याला मूर्तिचोरीच्या प्रकरणात 10 वर्षांची शिक्षा सुनावली.

1970 च्या आधी गेलेल्या वस्तूंचं दुखणं वेगळं आहे. सांस्कृतिक वस्तूंची चोरटी ने-आण रोखण्याचा युनेस्कोचा 1970 चा करार मागच्या काळाला लागू होत नाही. इंग्रजी अमदानीत आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपावरून नेलेली शिल्पं आजही ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि त्या संग्रहालयाला 1963 च्या त्यांच्याच कायद्यानं वस्तू देऊन टाकण्याची मुभा जवळजवळ नाही. आपला पुरावस्तू कायदा 1972 चा, अमलात आला 1976 मध्ये. शंभर वर्षांवरची मूर्ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही आणि जवळ असली तर नोंद करावी लागते. पण पारावरचा दगड कुणाच्याच जवळ नसतो, मग नोंद करायची कुणी?

अशी एखादी वीरगळ जवळून बघा. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि अगदी वर कळस. कित्येक ठिकाणी भक्तिभावानं दिलेल्या ऑइलपेंटच्या थरांखाली नाक, हत्यार, दागिने बुजलेले असतात. चोरी झाल्यावर ओळख पटवायला लागतात त्या नेमक्या याच खुणा.