जुन्या मोटारींचा चॅसीबदल

जुन्या मोटारीची बॉडी मूळ चॅसीवरून, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या खालच्या सांगाड्यावरून, उतरवून नंतरच्या काळातील चॅसी, इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्सल (चाकांचा आस) यांच्या तयार संचावर बसविण्याच्या पद्धतीला चॅसीबदल म्हणता येईल. अशी गाडी बाहेरून आठ दशकांपूर्वीची दिसते. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन (चाकांना धक्के शोषून आधार देणारी यंत्रणा) मात्र कितीतरी पुढच्या पिढीचे असतात. ही पद्धत प्रामुख्याने अमेरिकेत रुजली आणि तिथे पिकअप ट्रकांच्या बाबतीत ती विशेष प्रचलित आहे.

बॉडी आणि चॅसी हे दोन स्वतंत्र भाग असतील तरच हे काम सरळपणे करता येते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइस कंपनी फक्त इंजिनासह चालती चॅसी विकत असे आणि बॉडी ग्राहक आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून बांधून घेई. त्यामुळे एकाच चॅसीवर पुढे दुसरी बॉडी चढणे त्या काळी नवलाचे नव्हते. याउलट १९२२ची लान्चिया लॅम्डा किंवा १९३४ची सित्रोएन ट्रॅक्शन अव्हाँ या मोटारींत बॉडीच भार पेलते. भारतीयांच्या डोळ्यांसमोर जुनी मोटार म्हणून ज्या गाड्या येतात, त्या अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी याच एकसंध बांधणीच्या आहेत. त्यांच्याखालून काढून घेण्याजोगी चॅसीच नसल्याने त्यांना ही पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही.

अमेरिकेतील नेहमीचे उदाहरण म्हणजे १९४७ ते १९५५ या काळातील शेव्हरोलेट ३१०० या पिकअपची बॉडी त्याच कंपनीच्या एस-१० या लहान पिकअपच्या चॅसीवर बसविणे. मूळ ट्रकला पुढे अखंड एक्सल व पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग), चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सहा व्होल्टची वीजव्यवस्था होती. १९८२ ते २००४ या काळात तयार झालेल्या एस-१०मध्ये पुढची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर असतात, पुढचे ब्रेक डिस्कचे असतात आणि वीजव्यवस्था बारा व्होल्टची असते. एखादा अपघातग्रस्त किंवा गंजलेला एस-१० स्वस्तात मिळाला, तर हे सगळे भाग एकमेकांशी जुळलेल्या अवस्थेत हाती येतात, हेच या जोडीच्या लोकप्रियतेचे खरे कारण आहे.

कामाची सुरुवात मोजमापापासून होते. ३१००चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर, ११६ इंच, तर लांब हौद्याच्या (मागच्या सामान ठेवण्याच्या भागाच्या) एस-१०चा सुमारे ११८ इंच असतो. पाच सेंटिमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ वाटला, तरी चाक मडगार्डच्या कमानीच्या मध्यावर आले नाही की ते लांबूनही खटकते. म्हणून चॅसी कापून आखूड करावी लागते किंवा हौदा आणि मागचे मडगार्ड सरकवून बसवावे लागतात. डाव्या आणि उजव्या चाकांमधील रुंदीही एस-१०मध्ये कमी असल्याने चाके आत ओढल्यासारखी दिसतात. त्यावर चाक बाहेर सरकवणारी स्पेसर नावाची चकती घालणे किंवा अधिक रुंद एक्सल वापरणे, असे उपाय केले जातात.

बॉडी टेकविण्यासाठी नवे आधार वेल्ड करून त्यावर रबरी बुश बसवितात. खरा वेळ त्यानंतरच्या कामात जातो. ३१००चे ब्रेक पेडल फरशीतून वर येते आणि पेडलचा जोर ब्रेकच्या तेलाकडे पोहोचवणारा मास्टर सिलिंडर फरशीखाली असतो. एस-१०चा ब्रेक बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, इंजिन आणि केबिन यांच्यामधील पत्र्यावर बसतो. जुन्या पत्र्याला तो जोर सोसवत नसल्याने त्याला मागून जाड प्लेट द्यावी लागते. एस-१०च्या ४.३ लिटर व्ही-६ इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) मागच्या टोकाला असल्यामुळे त्याच पत्र्यात कधी खोलगट जागाही करावी लागते. स्टिअरिंगचा दांडा आणि नवा स्टिअरिंग बॉक्स एका रेषेत येत नाहीत, म्हणून मध्ये सांधे असलेला शाफ्ट जोडतात. ही जोडणी ढिली राहिली तर नव्या ब्रेकमुळे मिळालेली सुरक्षितता निरर्थक ठरते.

ज्यांना मूळ चॅसी टाकून द्यायची नसते, ते केवळ पुढचा भाग बदलतात. फोर्ड एफ-१०० पिकअपला २००३ व त्यानंतरच्या क्राउन व्हिक्टोरिया मोटारीचे पुढचे सस्पेन्शन त्याच्या अ‍ॅल्युमिनियम क्रॉस मेंबरसह (आडव्या तुळईसह) बसविणे हा त्यातला रूढ मार्ग आहे. मूळ चॅसी शाबूत असेल तर हाच पर्याय अधिक शहाणपणाचा म्हणावा लागेल. लाखोंनी तयार झालेल्या ट्रकाची सडलेली चॅसी बदलण्यात फारसे काही गमवावे लागत नाही; दुर्मीळ आणि अखंड राहिलेल्या मोटारीचे मात्र त्यामुळे भरून न येणारे नुकसान होते.

कायद्याच्या दृष्टीने अशा गाडीची ओळख हा गुंतागुंतीचा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये मूळ नोंदणी क्रमांक टिकविण्यासाठी मूळ भाग कायम असल्याबद्दल गुण देण्याची पद्धती दीर्घकाळ वापरली गेली; तीत किमान आठ गुण आवश्यक असत आणि त्यांपैकी पाच एकट्या चॅसीला होते, तर इंजिनाला फक्त एक. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या आणि नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हीए’ ही अक्षरे असलेली स्वतंत्र व्हिंटेज नोंदणी सुरू केली. परंतु चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेले वाहन तिच्यासाठी पात्र ठरत नाही. त्यामुळे हरियाणातील मंडी डबवालीसारख्या ठिकाणी महिंद्राच्या चॅसीवर विलीस या जुन्या अमेरिकी जीपच्या धाटणीची बॉडी बांधून तयार होणाऱ्या जीप रूपाने कितीही जुन्या दिसल्या, तरी त्यांना व्हिंटेज दर्जा मिळत नाही.