एअरबॅगचं कापड उचलून बघा

"एअरबॅग उघडली ना, मग काही नाही झालं." अपघाताच्या जागी जमलेल्या घोळक्यात हे वाक्य हमखास ऐकू येतं. चालक स्वतःच्या पायांनी खाली उतरलेला असतो, घरी फोन करत असतो, अंगावर रक्ताचा थेंब नसतो. मला काळजी वाटते ती याच माणसाची.

एकदा उघडायला लागली की साधारण 30 मिलिसेकंदांत एअरबॅग पूर्ण फुगते. डोकं आणि छाती ती झेलते. पण बेल्ट लावलेला नसेल तर स्टिअरिंगची खालची कड बरगड्यांखाली, यकृतावर किंवा प्लीहेवर (पोटाच्या डाव्या बाजूचा, रक्तानं भरलेला अवयव) रुतू शकते. मग बॅगेतला वायू निघून जातो आणि रिकामं कापड त्या वाकलेल्या स्टिअरिंगवर लोंबत राहतं. पुरावाच झाकला जातो! अमेरिकेत मायामीच्या विल्यम लेहमन इजा-संशोधन केंद्रातले शल्यचिकित्सक जेफ्री ऑगेन्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात अशा रुग्णांबरोबर त्यांच्या गाड्याही तपासल्या. रुग्णवाहिकेवरच्या लोकांसाठी त्यातून एक साधी सूचना निघाली: कापड उचला आणि बघा. स्टिअरिंग वाकलं असेल तर पोटात इजा आहे असं धरूनच चाला.

पण आत रक्तस्राव होत असताना माणूस ठीक दिसतो कसा? शरीराची ही यंत्रणा मला विलक्षण वाटते. मानेतल्या धमनीच्या भिंतीत मज्जातंतूंची टोकं असतात. भिंत किती ताणली जाते ते ती सतत मेंदूला कळवतात. रक्त कमी झालं की ताण घटतो, संदेश विरळ होतात. लगेच हृदयाचे ठोके वाढतात, त्वचेच्या आणि आतड्यांच्या रक्तवाहिन्या आकसतात. शरीरातलं बरंचसं रक्त शिरांमध्ये असतं. त्याही आवळतात आणि ते हृदयाकडे ढकलतात. रक्तदाब म्हणजे हृदयानं दर मिनिटाला पुढे लोटलेलं रक्त गुणिले वाहिन्यांचा रोध. पहिलं घटलं, दुसरं वाढलं, गुणाकार जवळपास तेवढाच! म्हणून 120/80 चा दाब 116/92 होतो. वरचा आकडा बघून सगळे निश्चिंत होतात, पण दोन आकड्यांतलं अंतर 40 वरून 24 वर आलेलं असतं: हृदय दर ठोक्याला कमी रक्त लोटतंय, याची ती खूण. प्रौढाच्या सुमारे 5 लिटर रक्तापैकी दीड लिटरच्या आसपास गेलं की हा तोल सुटतो आणि दाब कोसळतो. प्लीहेच्या आवरणाखाली साचलेलं रक्त तर कधी कधी काही दिवसांनीही फुटून बाहेर येतं.

"सहा एअरबॅग" ही जाहिरात बघून बेल्ट न लावणारे मी पाहिले आहेत. एअरबॅग बेल्टच्या जोडीला असते, बेल्टच्या जागी नाही. बंपरला टांगलेलं लिंबू-मिरची धडक थोपवत नाही. आणि डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेली मूर्ती बॅग उघडताना थेट समोरच्याच्या तोंडावर येऊ शकते. श्रद्धा असेल तर मूर्तीची जागा बदला.

आणि अपघातग्रस्ताला दवाखान्यात नेणार असाल तर आधी ते कापड बाजूला करून स्टिअरिंगचा एक फोटो काढा. गाडी टो करून नेली की डॉक्टरांना ते पुन्हा बघायला मिळणार नाही.