क्रोनबोर्ग की फ्रेडरिक्सबोर्ग?

कोपनहेगनहून एका दिवसात राजवाडा पाहून परतणाऱ्या प्रवाशांची क्रोनबोर्ग आणि फ्रेडरिक्सबोर्ग या दोन नावांत हमखास गल्लत होते. दोन्ही वास्तू डेन्मार्कच्या शेलंड बेटाच्या उत्तर भागात आहेत आणि दोन्ही प्रबोधनकालीन शैलीतल्या आहेत. त्यात भर म्हणजे राजा फ्रेडरिक दुसरा याने बांधला तो क्रोनबोर्ग, आणि त्याचे नाव मिरवणारा फ्रेडरिक्सबोर्ग मात्र त्याचा मुलगा ख्रिश्चन चौथा याने उभारला. (याच ख्रिश्चनच्या कारकिर्दीत, १६२० मध्ये, तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार होऊन तरंगमबाडीला डेन्मार्कची वखार आली.)

क्रोनबोर्ग हेलसिंगोर शहरात, समुद्राच्या अगदी काठावर आहे, आणि त्याचे कारण जहाजांकडून घेतल्या जाणाऱ्या जकातीत आहे. येथे डेन्मार्क व स्वीडन यांच्यामधली सामुद्रधुनी जेमतेम चार किलोमीटर रुंद असल्याने बाल्टिक समुद्रात ये-जा करणारी जहाजे किल्ल्याच्या तोफांच्या नजरेतून निसटणे अवघड होते. १४२९ च्या सुमारास सुरू झालेली ही जकात १८५७ मध्ये रद्द होईपर्यंत चालली. मधल्या काळात ती मालाच्या किमतीवर आकारली जाऊ लागली. किंमत कप्तानाने स्वतः सांगायची, मात्र त्याच किमतीला तो माल विकत घेण्याचा हक्क राजाकडे होता. त्यामुळे किंमत कमी सांगावी तर माल हातचा जाण्याची भीती, आणि जास्त सांगावी तर जकात वाढणार! शेक्सपियरने हॅम्लेटचे कथानक घडवले तेही याच हेलसिंगोरमध्ये. फ्रेडरिक्सबोर्गचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

फ्रेडरिक्सबोर्ग हिलरोड गावातल्या तळ्यामधील तीन छोट्या बेटांवर पसरलेला आहे. क्रोनबोर्गचा वालुकाश्म फिकट, तर येथील विटा लालभडक, एवढ्यावरूनही छायाचित्रातली वास्तू ओळखता येते. जकातवसुलीचे काम नसल्याने येथे सारा भर वैभव दाखवण्यावर आहे. प्रार्थनामंदिरातील, कंपेनियस या कारागिराने घडवलेला १६१० चा ऑर्गन आजही वाजतो, आणि १६७१ ते १८४० या काळातील डॅनिश राजांचा अभिषेकविधी तेथेच होत असे.

खरी फसगत दालनांमध्ये होते. क्रोनबोर्गचे बासष्ट मीटर लांबीचे नृत्यदालन जवळपास रिकामे दिसते, कारण १६२९ च्या आगीनंतर वास्तू पुन्हा उभी राहिली तरी १६५८ मध्ये स्वीडिश सैन्याने ती लुटली आणि पुढे दीर्घकाळ तिचा वापर लष्करी छावणी म्हणून झाला. उलट फ्रेडरिक्सबोर्गची दालने चित्रे, गालिचे आणि सोनेरी छतांनी गच्च भरलेली आहेत. परंतु १८५९ च्या आगीत आतला बहुतेक भाग जळाला होता, आणि आज दिसणारी सजावट बव्हंशी त्यानंतरची आहे. कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याचे मालक याकोबसेन यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये तेथे राष्ट्रीय इतिहासाचे संग्रहालय स्थापन झाले. म्हणजे जे ओकेबोके दिसते ते जुने, आणि जे राजेशाही दिसते ते पुष्कळसे एकोणिसाव्या शतकातले.

वेळ एकाच ठिकाणापुरता असेल, तर चित्रांची आणि इतिहासाची आवड असणाऱ्यांनी हिलरोड गाठावे. तटबंदीवरून समोर स्वीडनचा किनारा पाहत जकातीचे गणित समजून घ्यायचे असेल, तर हेलसिंगोरला पर्याय नाही. दोन्ही गावे स्थानिक रेल्वेने जोडलेली आहेत. वाटेत फ्रेडन्सबोर्ग नावाचे स्थानक लागते. तेथील राजवाडा तिसराच, अठराव्या शतकातला आणि आजही राजघराण्याच्या वापरातला आहे. तेव्हा नावाच्या साधर्म्याने फसून तेथे उतरू नये.