अक्षरांच्या माळेतून जनुके शोधताना

एखाद्या सजीवाच्या जीनोमचे, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएचे, क्रमनिर्धारण झाले म्हणजे त्याची जनुके कळली, असे नव्हे. हाती येते ती डीएनएचे घटक दर्शवणाऱ्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांची सलग माळ. तीत जनुक कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे संगणकाच्या साहाय्याने हुडकावे लागते.

जीवाणूंमध्ये हे काम त्यामानाने सोपे असते. तीन अक्षरांचा एक कोडॉन, असे ६४ कोडॉन होतात; बहुतेक कोडॉन प्रथिनाच्या साखळीतील एकेका अमिनो आम्लाचा संकेत देतात आणि त्यांपैकी टीएए, टीएजी व टीजीए हे तीन ती साखळी थांबवतात. चारही अक्षरे समप्रमाणात, पण कशीही विखुरलेली असती, तर सरासरी दर २१ कोडॉनांमागे एक थांबा आला असता, आणि एखाद्या ठिकाणापासून सलग ३०० कोडॉन थांब्याविना जाण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी राहिली असती. म्हणूनच इतका लांब अखंड पट्टा दिसला, की तिथे जनुक असावे असे मानायला आधार मिळतो. हीमोफिलस इन्फ्लुएन्झी या जीवाणूच्या, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १८ लाख अक्षरांच्या जीनोममध्ये अशी सतराशेहून अधिक जनुके ओळखली गेली.

मात्र थांब्याचा अर्थ सर्वत्र एकच नसतो. मायकोप्लाझ्मा जीवाणूंत टीजीए हा थांबा नसून ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा संकेत असतो. कोडॉनांच्या अर्थाचे नेहमीचे कोष्टक वापरल्यास तिथली धडधाकट जनुकेही तुकडे झालेली दिसतात.

मानवी जीनोममध्ये खरी कसोटी लागते. प्रथिनांचे संकेत देणारा भाग जेमतेम दीड टक्का, आणि तोही एक्झॉन नावाच्या तुकड्यांत विभागलेला. एक्झॉनांच्या मधल्या, प्रथिनाचे संकेत न देणाऱ्या पट्ट्यांची, म्हणजे इंट्रॉनांची, सुरुवात बहुधा जीटीने आणि शेवट एजीने होतो. पण यांतील प्रत्येक अक्षरजोडी योगायोगानेही सोळा जागांमागे एकदा येतेच, त्यामुळे केवळ खुणांवर विसंबता येत नाही. १९९७ मध्ये ख्रिस बर्ज आणि सॅम्युएल कार्लिन यांनी मांडलेली जेनस्कॅन ही प्रणाली म्हणूनच एक्झॉन, इंट्रॉन व जनुकांमधील जागा यांच्या अक्षररचनेतील सांख्यिकीय फरक एकत्र विचारात घेते. मात्र अशा प्रणालीला एका सजीवाच्या जनुकांवरून मिळालेले प्रमाण दूरच्या सजीवाला लावले, तर एक्झॉनांच्या सीमा सहज चुकतात. म्हणून पेशीत प्रत्यक्ष तयार झालेल्या आरएनएचा, म्हणजे जनुकावरून उतरलेल्या नकलेचा, क्रम जीनोमशी जुळवून पाहणे मला अत्यावश्यक वाटते.

आणि तरीही लहान जनुके निसटतात. यीस्टच्या जीनोमची पहिली छाननी करताना १०० कोडॉनांहून छोटे पट्टे बहुतांशी बाजूला ठेवले गेले होते. त्यांतील काहींपासून प्रथिने खरोखर बनतात, हे पुढे प्रयोगांतून दिसले.