एका खुर्चीचा स्पीकर आणि शेवटच्या रांगेचा स्पीकर

कला अकादमीचा सूरश्री केसरबाई केरकर संगीत समारोह जवळ आला, की त्याआधीच्या एखाद्या शनिवार-रविवारी आम्ही घरगुती ऑडिओचे वेडे फोंड्याकडच्या एका जुन्या कौलारू घरात जमतो. कुणी अँप आणतं, कुणी स्वतः जोडलेले स्पीकर, कुणी नुसत्या तबकड्या. आणि एखाद्या वेळी कुणीतरी गाडीच्या डिकीतून बारा इंची पीए बॉक्स उतरवतं. पीए म्हणजे जत्रेतल्या नाटकाला, लग्नाला, सभागृहातल्या कार्यक्रमाला लावतात ती यंत्रणा. या खेपेला तो एका तरुण तबलजीने आणला होता.

"काका, ह्याच्यावर १००० वॉट लिहिलंय. तुमच्या त्या सहा इंचीवर ६०. वर हा स्वस्त. मग तुम्ही लोक हाच का घेत नाही?"

प्रश्न अगदी रास्त आहे. ऑडिओच्या दुकानात त्याचं उत्तर सहसा "सर, क्वालिटीचा फरक आहे" एवढ्यावर उरकतात. ते खोटं नाही, पण त्याने काहीच कळत नाही. चांगल्या पीए बॉक्सची क्वालिटी कमी नसते. दोन्हींत तोच शंकू, तीच कॉइल, तेच मॅग्नेट. फरक येतो तो ऐकणारा किती लांब बसणार यावरून. घरचा स्पीकर दोन-अडीच मीटरवरच्या एका खुर्चीसाठी बनवलेला असतो, पीए शेवटच्या रांगेसाठी. बाकीचे जवळजवळ सगळे फरक या अंतरातून निघतात.

थोडा हिशेब करू. स्पीकरला १ वॉट दिला आणि १ मीटरवर आवाज मोजला, की जो डेसिबलचा आकडा येतो ती त्याची सेन्सिटिव्हिटी. घरच्या स्पीकरची बहुधा ८४ ते ९० असते, कर्णा लावलेल्या पीए बॉक्सची ९५ ते १००, कधी त्याहून वर. आकडे शेजारी-शेजारी वाटतात, पण डेसिबल गुणाकाराने चालतात. आवाज ३ डेसिबलने वाढवायला वीज दुप्पट लागते, १० डेसिबलने वाढवायला दहापट. आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं, की ६ डेसिबल गळतात.

आता घरचा ८६ डेसिबलचा स्पीकर घ्या आणि अडीच मीटरवर बसा. अंतराने ८ डेसिबल खाल्ले, ७८ उरले. दुसरा स्पीकर थोडी भर घालतो, भिंती थोडी घालतात. निवांत ख्याल ऐकायला एवढं पुरे, आणि हे सगळं एका वॉटमध्ये! तबल्याची थाप किंवा तानेचं टोक सरासरीच्या १५ डेसिबल वर गेलं, तर तेवढ्या क्षणापुरते ३०-३२ वॉट लागतील. म्हणजे ६० वॉटचा स्पीकर निम्मा रिकामाच बसलेला असतो.

तोच स्पीकर मोकळ्या पटांगणात लावा, शेवटची रांग ३० मीटरवर धरा आणि तिथे सरासरी ८५ डेसिबल हवेत असं समजा. एवढ्या अंतरात २९-३० डेसिबल जातात, म्हणजे स्पीकरपासून १ मीटरवर ११५ हवेत. ८६ वाल्याला त्यासाठी जवळपास ८०० वॉट सतत द्यावे लागतील, आणि थापेच्या क्षणी २५,००० च्या आसपास. त्याच्या कॉइलचा त्याआधीच कोळसा होईल. १०० डेसिबलच्या पीए बॉक्सला हेच काम सरासरी ३२ वॉटमध्ये आणि थापेला १००० वॉटमध्ये जमतं. बंद सभागृहात भिंती थोडा आवाज परत देतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे खाली येतात, पण दोघांमधलं प्रमाण तेच राहतं.

त्या १००० वॉटच्या लेबलाबद्दलही सांगायला हवं. पीएच्या धंद्यात एकाच स्पीकरचे तीन आकडे छापतात: सतत सोसेल तो, त्याच्या दुप्पट 'प्रोग्राम' आणि चौपट 'पीक', म्हणजे क्षणभरापुरता. खोक्यावर ठळक अक्षरात बहुधा शेवटचाच असतो. १००० पीक म्हणजे सतत २५०. घरच्या स्पीकरवरचा ६० बहुतेक वेळा सततचा असतो. तेव्हा १००० आणि ६० ही तुलना मुळात एका मापाची नाहीच. (पूर्वी छोट्या कॅसेट प्लेअरवर 'पीएमपीओ' या फुगवलेल्या मापाचे हजारांतले आकडे असत. ज्यांना ते आठवतात, त्यांना लेबल वाचायला शिकवावं लागत नाही.)

मग घरच्या स्पीकरलाही १०० सेन्सिटिव्हिटी का देत नाहीत? इथे एक जुना नियम आडवा येतो. अमेरिकेत १९५७ साली केएलएच नावाची स्पीकर कंपनी निघाली. तिच्या नावातला 'एच' म्हणजे अँटन हॉफमन, विख्यात पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचा मुलगा. लहान पेटी, खोल खर्ज आणि जास्त सेन्सिटिव्हिटी या तिन्हींतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात, हा नियम त्याच्या नावाने ओळखला जातो. घरच्या स्पीकरचा रचनाकार सेन्सिटिव्हिटी सोडतो, कारण खुर्ची जवळ आहे आणि पेटी दिवाणखान्यात मावायला हवी. पीएवाला पेटी थोडी मोठी करतो, सेन्सिटिव्हिटी पकडून ठेवतो आणि खर्जावर पाणी सोडतो. बारा इंची टॉप, म्हणजे पीएचा मुख्य बॉक्स, ५५-६० हर्ट्झच्या खाली गप्प होतो आणि त्याखालचं काम अठरा इंची सबकडे, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या सबवूफरकडे जातं. त्यामुळे बारा इंच बघून "बेस दणकून असणार" असं वाटतं ते फसवं आहे. नीट बनवलेला साडेसहा इंची घरगुती स्पीकर पुष्कळदा त्याच्या खाली उतरतो, फक्त हळू आवाजात.

या नियमातून पैसे देऊन सुटता येत नाही, जागा देऊन येतं. पॉल क्लिप्शचा कोपऱ्यात ठेवायचा क्लिप्शहॉर्न १९४६ पासून बनतो आहे. तो घरगुतीच स्पीकर, पण सेन्सिटिव्हिटी शंभराच्या वर आणि खर्जही खोल. आकार मात्र कपाटाएवढा. तेव्हा 'घरचा' आणि 'पीए' या काही दोन जाती नव्हेत.

खर्जाचं बोलतोच आहोत, तर ख्यालाला तो किती लागतो? पुरुष गायकाचा सा काळी एक धरला, तर तंबोऱ्याची जोडी सुमारे १३८ हर्ट्झवर आणि खर्जाची तार ६९ वर. त्यातही तंबोऱ्याचा जीव जवारीमुळे उमटणाऱ्या वरच्या स्वरांत असतो. म्हणजे बारा इंची टॉपच्या पल्ल्यातच सगळं गाणं बसतं. तरीही आपल्याकडे काही साउंडवाले ख्यालाच्या मैफलीला दोन-दोन सब लावतात आणि डग्ग्याचा ढोल करून टाकतात. मला विचाराल तर कंठसंगीताला सबची पिन काढून ठेवावी.

घरात हाच ६९ वेगळ्या रीतीने छळतो. खोलीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत एक ठरावीक स्वर आणि त्याच्या पटी घुमत राहतात. ५ मीटर लांबीच्या खोलीत तो ३४ हर्ट्झच्या आसपास येतो आणि त्याची दुप्पट ६९. म्हणजे पणजीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तारच नेमकी फुगून ऐकू येऊ शकते, आणि दोष मात्र स्पीकरला मिळतो. खुर्ची अर्धा मीटर पुढे-मागे करून पाहावी, स्पीकर बदलण्याआधी. फोंड्याच्या त्या घरात हा त्रास कमी. तिथे वर सपाट स्लॅब नाही, उतरतं कौलारू छप्पर आहे आणि कौलांच्या फटींतून खालचे स्वर बाहेर निसटतात.

आता दिशा. घरच्या स्पीकरमधला घुमटाकार ट्वीटर इंचभराचा असतो आणि आवाज पसरवून टाकतो. भिंतींवरून परतणारा आवाज गाण्यात मिसळतो, आणि रचनाकाराने तो धरूनच सगळं बेतलेलं असतं. पीएचा कर्णा आवाजाला आडवा ९० आणि उभा ५०-६० अंशांच्या चौकटीत कोंडतो, म्हणजे तो माणसांवर पडावा, छतावर वाया जाऊ नये. वीस मीटरवर हे वरदान आहे. दोन मीटरवर तोच आवाज तोंडावर येतो. त्यात सेन्सिटिव्हिटी जास्त असल्याने आतल्या अँपची बारीक सरसरही ऐकू येते, काहींत पंखाही असतो. पटांगणात ती कुणाला कळते? रात्री दहानंतर आलाप-विलंबिताच्या शांततेत ती डास गुणगुणल्यासारखी मागे लागते.

स्टिरिओचंही तसंच. घरी दोन स्पीकर आणि आपण मिळून समभुज त्रिकोण जमला, की गायिका बरोबर मध्ये उभी राहते. डोकं थोडं बाजूला नेलं तर तीही सरकते. सभागृहात हा लाड परवडत नाही. कडेला बसलेल्या माणसाला डावा बॉक्स १० मीटरवर आणि उजवा २० वर असेल, तर उजव्याचा आवाज त्याला सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा मिळतो आणि कानाला सगळं गाणं डावीकडूनच आल्यासारखं वाटतं. तबला एका बाजूला आणि हार्मोनियम दुसऱ्या बाजूला असं वाटून टाकलं, तर अर्ध्या सभागृहाला अर्धीच साथ ऐकू येईल. म्हणून जाणता साउंडवाला सगळं जवळजवळ मध्येच ठेवतो. घरचे शौकीन समारोहातून परतल्यावर "स्टेजिंग नव्हतं हो" (कोण कुठे बसलंय ते कानाला कळत नव्हतं) म्हणून कुरकुरतात तेव्हा हे आठवावं.

आणि पीएपुढे एक श्रोता असा असतो जो घरी नसतोच: स्वतः गायक. मंचावरच्या मॉनिटरमधून, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून, त्याला आपला आवाज, तंबोरा आणि तबला हवा असतो. तोच आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते. ती मारायला साउंडवाला एकतीस पट्ट्यांच्या इक्वलायझरवर काही पट्ट्या खाली ओढतो आणि त्याबरोबर आवाजातला थोडा रंगही जातो. घरच्या स्पीकरला ही तडजोड करावी लागत नाही, हा त्याचा गुण नव्हे, त्याचं नशीब.

त्या दिवशी दोन्हींवर एकच गोष्ट लावली: केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो'. हीच ती, जी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. केरीत जन्मलेल्या बाईचा हा सूर सूर्यमालेबाहेर पोचलाय, याचा अभिमान फोंडा तालुक्यात अजून कुणी लपवत नाही. मूळ ध्वनिमुद्रण ७८ आरपीएमचं. त्यात अगदी खालचा आणि अगदी वरचा भाग नाहीच, आहे तो मधला, आणि सगळं गाणं त्यातच. बारा इंची बॉक्सवर आवाज मोठा झाला, खरखरही मोठी झाली आणि बाई समोर आल्याऐवजी कर्ण्यातून गाऊ लागल्या. सहा इंचीवर त्या खोलीत आल्या. मग तबलजीने स्वतःच्याच तबल्याचं ताजं मुद्रण लावलं आणि आवाज मैफलीएवढा चढवला. तेव्हा सहा इंचीचा शंकू बिचारा नुसता पुढे-मागे धावत राहिला. कॉइल तापली की तिचा रोध वाढतो आणि जास्त वीज देऊनही थाप चपटीच राहते. बारा इंचीने तीच थाप अंगावर आणली. हा डाव त्याचा होता, आणि तो आम्ही मान्य केला.

जोडणीत मात्र दोघांची गाठ नीट पडत नाही. पीएच्या उपकरणांची नेहमीची पातळी १.२३ व्होल्ट, घरगुती उपकरणांची ०.३२ च्या आसपास, म्हणजे सुमारे १२ डेसिबलचा फरक. त्यात पीएची एक्सएलआर पिन दोन तारांत उलट-सुलट आवाज पाठवते आणि वाटेत शिरलेली गुणगुण शेवटी वजा होते, त्यामुळे पन्नास मीटरची केबल टाकली तरी चालते. घरची साधी आरसीए केबल दोन-तीन मीटरपर्यंतच ठेवावी. लॅपटॉप चार्जरसकट आरसीएने पीएला जोडला आणि गुणगुण आली, तर आधी चार्जर काढून बघा.

गोव्यापुरता एक मुद्दा पीएच्या बाजूने. त्याच्या शंकूची कड बहुधा कापडाची, घड्या घातलेली असते. जुन्या घरगुती स्पीकरची फोमची. आपल्या दमट हवेत फोम काही वर्षांत भुसा होतो आणि तबकडी लावल्यावर घरघरल्यासारखा आवाज येतो. जुना स्पीकर विकत घेताना जाळी काढून कडेला बोट लावून बघावं. नव्यांत रबराची कड असते, तिला हवेचा तेवढा जाच नाही.

राहता राहिली मधली अवस्था: राजांगणात (घराच्या मधल्या उघड्या चौकात) चाळीस माणसं आणि घरगुती मैफल. इथे घरचे स्पीकर कमी पडतात. मागच्यांसाठी आवाज वाढवावा, तर पुढच्यांचे कान दुखतात. माझं मत विचाराल तर गायकाचा गळा मोकळा असेल आणि अंगण शांत असेल तर काहीच लावू नये. लावायचंच असेल तर दोन लहान आठ इंची पीए बॉक्स डोक्याच्या उंचीवर, आवाज गळ्याच्या जेमतेम वर, मॉनिटर नको, सब नको. आणि रात्री दहाला बंद. उघड्यावर ध्वनिवर्धकाला १० ते ६ मनाई आहे, आणि राजांगणाला छप्पर नसतं. कला अकादमीत समारोहाला जागा निवडायची संधी मिळाली, तर पहिली रांग मान्यवरांना राहू द्या. मिक्सर कुठे मांडलाय ते बघा आणि त्याच्या पुढच्या एक-दोन रांगांत, मध्याच्या जवळ बसा. साउंडवाला जे ऐकून हात चालवतोय, ते तिथेच ऐकू येतं.