विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरची ती पाणबुडी 'गाझी' नव्हे

विशाखापट्टणमला जाऊन आलेलं कुणी ना कुणी पाणबुडीपुढचा फोटो पाठवतं आणि खाली लिहितं, 'हीच ती पाकिस्तानची गाझी!' नाही हो. ती आपलीच 'आयएनएस कुरसुरा'. सोव्हिएत बनावटीची, १९६९ साली नौदलात आलेली. १९७१च्या युद्धाच्या तोंडावर ती पार पलीकडे, अरबी समुद्रात गस्तीवर होती. २००१ मध्ये निवृत्त झाली, २००२ पासून रामकृष्ण बीचवर संग्रहालय. आत टॉर्पेडोच्या नळ्या, खलाशांचे एकावर एक अरुंद बंक आणि गोल दारं. अंग चोरूनच पुढे सरकावं लागतं. (हे फोटोत कुठलं कळायला!) गाझी मूळची अमेरिकन, तेव्हा नाव 'डायाब्लो'. डिसेंबर १९७१मध्ये ती याच बंदराबाहेर बुडाली, घोळ तिथूनच. तिचा सांगाडा अजून समुद्रतळाशीच आहे.