आत्याची तारली आणि सुनेच्या गोळ्या

दिवाळीत देवगडला गेलो तर आत्याने फळीवरून एक डबी काढली, मुंबईच्या सुनेने पाठवलेली. "ह्यो गोळ्यो कसल्यो रे? माशाचो वास येता." फिश ऑइल, दुसरं काय.

डबीवर पुढे मोठ्ठं १००० मिलिग्रॅम, आणि मागे बारीक अक्षरात ईपीए १८०, डीएचए १२०. ही माशातल्या ओमेगा-३ चरबीची दोन नावं, म्हणजे कामाचं ओमेगा-३ फक्त ३००, बाकी नुसतं तेल. आता गंमत बघा, १०० ग्रॅम तारलीत हेच दोन मिळून ग्रॅमभर तरी असतं, मासा तेलकट असेल तर जास्तच. पण तारलीला मान कुठे आपल्याकडे, सुरमई-पापलेटपुढे ती गरिबाची, रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, जास्त लागली की सरळ माडाच्या मुळात खत म्हणून.

हृदयाला चांगलं म्हणून हे ओमेगाचं वेड आलं ग्रीनलंडवरून, १९७०च्या सुमारास डेन्मार्कच्या डॉक्टरांनी तिथल्या सील-मासे खाणाऱ्या लोकांचं रक्त तपासलं तेव्हापासून. मग २०१८ मध्ये व्हायटल नावाच्या अमेरिकेतल्या मोठ्या ट्रायलचा निकाल आला, जवळजवळ २६ हजार माणसं, पाचेक वर्षं रोज एक ग्रॅम, आणि हार्ट अटॅक, स्ट्रोक, हृदयविकाराने मृत्यू सगळं एकत्र धरलं तर फारसा फरकच नाही. थोडा फायदा दिसला तो मासे कमी खाणाऱ्यांत, आणि आत्या काय त्यात बसत नाही, पावसात बंदी असली तरी तिच्याकडे सुका बांगडा असतोच.

गोळ्या अगदीच फुकट असंही नाही हं. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक चरबी, खूप वाढले असतील तर डॉक्टर दिवसाला ४ ग्रॅमपर्यंत देतात आणि ते उतरतात. पण तेवढ्या डोसला काहींचे ठोके अनियमित होतात, एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात ते, म्हणून मनाने डोस वाढवायचा नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि कॉड लिव्हर ऑइल हे वेगळं प्रकरण, त्यात व्हिटॅमिन ए भरपूर, गरोदर बाईने त्याच्या वाटेला जाऊ नये.

अजून एक, हे तेल उष्णतेने, हवेने खवट होतं. आत्याची फळी चुलीच्या वरची. एक गोळी सुईने फोडून तिच्या नाकाला लावली तर तिने तोंडच फिरवलं, "शी, जुन्या खोबरेलासारखा येता!"

गोळ्या गेल्या खड्ड्यात. डबी तिने धुवून उन्हात ठेवली, झाकण घट्ट बसतं म्हणून, आता त्यात तिरफळं आहेत.